मनसुबा : बुद्धिबळाच्या अखेरीचे वाचन

१

मुलुंड पूर्वेला एका वाचनालयाच्या मागील खोलीत दर रविवारी संध्याकाळी सात-आठ माणसे एकाच बुद्धिबळपटाभोवती बसलेली असतात. त्यांत निवृत्त बँक कर्मचारी आहेत, रेल्वेतील एक अभियंता आहेत, बोरिवलीहून दादरला गाडी बदलून येणारा एक विद्यार्थी आहे आणि मुलुंड व घाटकोपर येथील महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही दोघे आहोत. येथे डाव खेळले जात नाहीत. पटावर चार-सहा मोहरी उरलेली एखादी अवघड स्थिती मांडली जाते आणि ‘पांढऱ्याने खेळून जिंकायचे’ किंवा ‘पांढऱ्याने खेळून बरोबरी साधायची’ एवढेच सांगितले जाते. मग दीड-दोन तास त्या चार-सहा मोहऱ्यांवर वाद चालतो. इंग्रजीत ज्याला एंडगेम म्हणतात, त्याला आमच्या मंडळात ‘अखेर’ असा साधा शब्द आहे.

आम्ही प्रथम गेलो त्या संध्याकाळी पटावर होता पांढऱ्याचा राजा आणि एकच प्यादे, वजीर होण्यापासून दोन घरांवर. समोर काळ्याचा राजा कोपऱ्यात आणि एक हत्ती. पांढऱ्याने जिंकायचे होते. आम्हांला ते सोपे वाटले. प्यादे एक घर पुढे सरकते, हत्ती शह देत राहतो, राजा तो शह चुकवीत एकेक घर खाली उतरतो आणि पाचव्या चालीला अशा घरात येतो की हत्तीला उपयोगी शहच उरत नाही. आता प्याद्याचा वजीर करायचा, संपले.

मंडळातील ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे नुसतेच ‘काका’ म्हणत, ते शांतपणे म्हणाले, “सर, करा वजीर.” आम्ही केला. त्यांनी हत्ती वजिराच्या तोंडी नेऊन शह दिला. तो हत्ती मारण्यावाचून आम्हांला गत्यंतर नव्हते आणि मारताच काळ्या राजाला शह नाही पण हलायला घरही नाही, अशी कोंडी झाली. म्हणजे बरोबरी. “आता मागे या,” काका म्हणाले, “आणि वजीर नको, हत्ती करा.” हत्ती केल्यावर तीच युक्ती काळ्याला साधत नाही. पुढच्याच चालीत मातेची धमकी येते, ती काळ्याने अडवली की पांढरा राजा एक घर सरकून मात आणि हत्ती या दोहोंवर एकदम डोळा ठेवतो आणि डाव जिंकतो. अधिक मोठे मोहरे घेतले तर हाती काही लागत नाही, लहान घेतले तर विजय मिळतो.

ही स्थिती बुद्धिबळाच्या साहित्यात सावेद्रा या नावाने प्रसिद्ध आहे. तिचा वृत्तान्त साहित्याच्या अभ्यासकांनी ऐकावा असा आहे, कारण तो एका वाचकाचा वृत्तान्त आहे. १८७५ साली फेंटन आणि पॉटर यांच्यात झालेल्या एका डावाच्या स्मृतीवरून जॉर्ज बार्बिए या स्तंभलेखकाने १८९५ साली ग्लासगो येथील एका साप्ताहिकात ही स्थिती छापली आणि काळ्याला बरोबरी साधता येते असा निर्वाळा दिला. ग्लासगोमध्ये राहणारे फर्नांडो सावेद्रा नावाचे एक स्पॅनिश धर्मगुरू हे सदर वाचत. ते काही नावाजलेले खेळाडू नव्हते. परंतु पांढरा हत्ती करून जिंकतो, हे त्यांनी दाखवून दिले. लेखकाचा निर्वाळा वाचकाने उलटवला. पुढे स्थितीला नाव मिळाले ते मूळ खेळाडूंचे नव्हे, स्तंभलेखकाचेही नव्हे, तर त्या एका चालीच्या वाचकाचे.

त्या संध्याकाळी घरी परतताना आम्हांला जो प्रश्न पडला, तोच या लेखाचा विषय आहे. अशा स्थितीचे उत्तर नेमके कोठे असते? ते मोहऱ्यांत असते, खेळाच्या नियमांत असते, की पटाभोवती बसलेल्या माणसांत?

२

उत्तराची सुरुवात आम्हांला पटाऐवजी शब्दकोशात सापडली. मराठीत आपण ‘मनसुबे रचतो’. जुन्या बखरींत आणि पत्रव्यवहारांत ‘मनसबा’ असेही रूप येते आणि त्याचा अर्थ मोहिमेचा बेत, मसलत असा असतो. हा शब्द मूळचा अरबी. उभे करणे, मांडणे या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे. मनसबदारातील ‘मनसब’ही त्याच धातूचा. अरबी बुद्धिबळात ‘मन्सूबा’ म्हणजे मुद्दाम मांडलेली स्थिती, जिची उकल खेळणाऱ्याने शोधायची. फारसीत या शब्दाला बेत, योजना हा अर्थ चिकटला आणि त्याच अर्थाने तो मराठीत रुळला. म्हणजे आपण मनसुबे ‘रचतो’ तेव्हा, नकळत का होईना, पटावर मोहरी मांडण्याची जुनी क्रिया भाषेत पुन्हा करत असतो. ‘शह’, ‘काटशह’ आणि ‘मात’ हे शब्द मराठी राजकीय लेखनात रोज भेटतात आणि त्यांचे मूळ सगळ्यांना ठाऊक असते. ‘मनसुब्या’ने मात्र आपली पटावरची ओळख पुरती पुसून टाकली आहे.

नवव्या-दहाव्या शतकांत बगदादच्या दरबारात असे मन्सूबे जमवून त्यांचे ग्रंथ केले गेले. अल-अदली आणि अस-सूली ही त्यांतील थोर नावे. अस-सूलीचा एक मन्सूबा विशेष गाजला. दोन राजे आणि दोघांचा एकेक फर्जी, एवढीच चार मोहरी. त्या काळचा फर्जी आजच्या वजिरासारखा पट ओलांडून जाणारा नव्हता. तो तिरका एकच घर चाले. अशा दुबळ्या मोहऱ्यांच्या या स्थितीत पांढऱ्याने जिंकायचे होते. आपल्या शिष्यांखेरीज हे कोणाला सुटणार नाही, असा अस-सूलीचा दावा होता आणि जवळजवळ हजार वर्षे तो खोडला गेला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन ग्रँडमास्टर युरी अवेरबाख यांनी त्याची उकल प्रसिद्ध केली. डावाच्या अखेरीचे हे महापंडित १९२२ ते २०२२ असे शंभर वर्षांचे आयुष्य जगले.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. अस-सूलीच्या स्थितीत ‘जिंकणे’ म्हणजे मात करणे नव्हे. प्रतिपक्षाचा एकुलता फर्जी मारून त्याचा राजा उघडा पाडला की त्या खेळात विजय झाला. आजच्या नियमांनी ती स्थिती मांडली तर तिला काही अर्थच उरत नाही. हजार वर्षे लोकांना छळणारे कोडे एका नियमाच्या आधारावर उभे होते. तो नियम गेला आणि त्याबरोबर कोडेही गेले.

३

आपल्याकडे काय होते? बुद्धिबळ भारतातून पश्चिमेकडे गेले, हे वाक्य शाळेपासून पाठ असते. पण आपल्या प्रदेशाचा या खेळाच्या लेखनाशी असलेला संबंध फारसा शिकवला जात नाही. मराठीच्या विद्यार्थ्यांना कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ परिचित असतो, तो त्यातील जुन्या मराठी पदांच्या अवशेषांमुळे. शके १०५१च्या सुमाराचा हा ग्रंथ शंभर अध्यायांचा, आणि त्याच्या क्रीडाविषयक भागात बुद्धिबळाचेही विवेचन आहे. एम.ए.च्या वर्गात हा ग्रंथ आम्ही कित्येक वर्षे भाषेच्या पुराव्यासाठी उल्लेखला. त्याच ग्रंथात पटही मांडलेला आहे, हे मात्र मुलुंडच्या त्या खोलीत बसू लागल्यावर आमच्या ध्यानी आले.

दुसरे नाव नीलकंठ भट्टांचे. सतराव्या शतकातील हे धर्मशास्त्रकार वाराणसीचे, पण घराणे मूळचे पैठणचे. ‘भगवंतभास्कर’ हा त्यांचा बारा ‘मयूखां’चा ग्रंथ. त्यातील ‘व्यवहारमयूख’ मुंबईकरांच्या घरांत शिरला होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, कारण इंग्रजी अमदानीत वारसा आणि वाटणीच्या दाव्यांत मुंबईची न्यायालये तो प्रमाण मानीत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९२६ साली त्याची आवृत्ती काढली. त्याच ग्रंथातील ‘नीतिमयूखा’त नीलकंठांनी बुद्धिबळाचे नियम सांगितले आहेत आणि पटावरील सर्व घरांतून घोडा कसा फिरवावा याच्या रीतीही दिल्या आहेत. वडिलोपार्जित घर कोणाकडे जावे आणि घोडा कोणत्या घरात जावा, या दोन्ही प्रश्नांचे शास्त्र एकाच लेखणीने लिहिले.

तिसरी गोष्ट थेट मुंबईची. १८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे ते भाषांतर होते आणि त्यात प्रामुख्याने पटावरील बिकट स्थिती दिल्या होत्या, म्हणजे मन्सूबेच. मुंबईतून ‘पंचोपाख्यान’ मराठीत छापून निघाले ते १८२२ साली आणि ‘दर्पण’ सुरू झाले ते १८३२ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या पुस्तकाचे वय जाणवते. पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव पेशवेपदावर होते. आमचे मुलुंड, घाटकोपर, अंधेरी ही साष्टी बेटावरील गावे १७७४ सालीच मराठ्यांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेली होती. शीवचा बांध होऊन मुंबई बेट साष्टीला जोडले गेले त्याला जेमतेम दशक लोटले होते. आगगाडी यायला अजून ३९ वर्षे होती.

या पुस्तकाच्या शीर्षकातच एक सूचक खुलासा आहे. त्यातील स्थिती ‘युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतलेल्या’ आहेत. भाषांतराचे अध्यापन करणाऱ्या कोणाही व्यक्तीने येथे थबकावे. संस्कृतचे इंग्रजी करणे एक वेळ सोपे. पण देशी पटावरची स्थिती युरोपीय पटावर नेणे म्हणजे नियमांचेच भाषांतर करणे. शब्द बदलले तरी कथा तीच राहू शकते, नियम बदलला तर त्याच मोहऱ्यांची गोष्ट निराळी होते. भाषांतरात काय हरवते याची चर्चा आपण कवितेच्या निमित्ताने नेहमी करतो. येथे जे हरवते ते अगदी मोजून दाखवता येते. तेच आता पाहू.

४

आमच्या आजोबांच्या पिढीत ओटीवर जो देशी खेळ चाले, त्याचे नियम गावोगाव थोडे थोडे निराळे असले, तरी त्यातील दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी सारख्या होत्या. पहिली प्याद्याच्या बढतीची. पलीकडच्या टोकाला पोहोचलेले प्यादे हवे ते मोहरे होऊ शकत नसे. ज्या घरात ते पोहोचे त्या घराचे जे मूळ मोहरे, तेच त्याला होता येई. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा, उंटाच्या घरात उंट. दुसरी गोष्ट ‘बुर्जी’ची. प्रतिपक्षाची सगळी मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला की बुर्जी झाली. अरबी खेळात राजा उघडा पाडणे हा विजय; आपल्याकडे मात्र बुर्जी झाली की डाव तेथेच थांबे आणि खऱ्या मातेचा मान कोणालाच मिळत नसे. मातींतही प्रतवारी होती आणि प्याद्याने केलेली मात, प्यादेमात, ही भूषणावह.

आता सावेद्राची स्थिती या पटावर मांडून पाहा. काकांनी एका रविवारी ती मांडली होती. प्यादे ज्या रांगेतून पुढे जाते, त्या रांगेच्या टोकाला उंटाचे घर आहे. म्हणून देशी नियमाने तेथे वजीरही होणार नाही आणि हत्तीही होणार नाही. होईल तो उंट, आणि उंटाच्या बळावर समोरच्या हत्तीविरुद्ध जिंकता येत नाही. बरे, क्षणभर धरून चालू की हत्ती झाला. तरी अखेरीस पांढऱ्याचा विजय येतो तो बहुधा काळ्याचा हत्ती मारून. पण तो हत्ती हेच काळ्याचे शेवटचे मोहरे! ते मारले की बुर्जी. ग्लासगोच्या धर्मगुरूला अमर करणारी चाल पुण्याच्या किंवा पैठणच्या ओटीवर दोनदा निष्फळ ठरली असती.

यावरून देशी खेळ कमी प्रतीचा होता असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. बुर्जीच्या नियमाने एका वेगळ्याच तऱ्हेची अखेर जन्माला घातली होती. जिंकू पाहणाऱ्याला प्रतिपक्षाचे शेवटचे मोहरे जिवंत ठेवावे लागे. ते मारता येत असूनही मारायचे नाही, ते आपल्या राजाच्या वाटेत येत असले तरी सांभाळायचे आणि त्याच्या देखतच मात करायची. शत्रूचे एक प्यादे जपत जपत केलेल्या या मातेत जी नजाकत आहे, ती आजच्या खेळात नाही. तो नियम गेला, त्याबरोबर ते सौंदर्यही गेले.

हे नियमांचे पालटणे एकट्या पूर्वेकडचे नाही. सावेद्राच्या स्थितीतील सापळा ज्या कोंडीवर उभा आहे, ती कोंडी म्हणजे बरोबरी हा नियमही सार्वकालिक नव्हे. इंग्लंडमध्ये सतराव्या आणि अठराव्या शतकांत कोंडी करणारा खेळाडू हरला असे धरीत; बरोबरीचा नियम तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. म्हणजे १७५० साली लंडनमध्ये आम्ही वजीर करून तो हत्ती मारला असता, तर बरोबरी दूरच, डावच गमावला असता.

काव्यशास्त्रात ‘कविसंकेत’ ही कल्पना आपण शिकवतो. चकोर चांदणे पितो, हंस नीर-क्षीर वेगळे करतो. हे जगात खरे नसते, पण काव्याच्या आत खरे असते आणि ते न जाणणारा वाचक अर्थाला मुकतो. पटावरील स्थितीचेही असेच आहे. तिचे उत्तर अचूक असते, पण ते संकेतांच्या आत अचूक असते. त्यामुळे जुनी स्थिती वाचणाऱ्याने आधी विचारले पाहिजे की ही कोणत्या काळच्या, कोणत्या ओटीवरच्या नियमांनी रचली आहे. जुन्या पोथीचा पाठ ठरवताना आपण जो विवेक बाळगतो, तोच येथे लागतो.

५

संकेतांच्या जोडीने दुसरी गोष्ट येते ती वाचकांची. अखेर एकट्याने सोडवायची की मिळून? गेल्या शतकात या प्रश्नाला एका प्रथेने उत्तर दिले होते. स्पर्धेतील डाव ठरावीक तासांत संपला नाही, तर तो तहकूब होई. ज्याची पाळी असे तो आपली पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करी आणि पाकीट पंचांकडे जाई. मग डाव पुन्हा सुरू होईपर्यंत दोन्ही बाजूंचे मित्र आणि सहायक पटाभोवती जमत. बंद पाकिटात काय असेल याचे तर्क चालत, प्रत्येक शक्यतेची उकल होई, पहाट होई. तहकुबीच्या वेळी पटावर बहुधा थोडीच मोहरी उरलेली असत. त्यामुळे डावाच्या अखेरीचे बरेचसे ज्ञान या जागरणांतून तयार झाले. १९७२ साली रेक्याविक येथे फिशर आणि स्पास्की यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील एकविसावा डाव असाच तहकूब झाला होता. रात्रीतून त्याची उकल झाली असावी, कारण दुसऱ्या दिवशी स्पास्की पटावर आलेच नाहीत. त्यांनी दूरध्वनीवरून हार कळवली आणि सामना संपला.

महाराष्ट्रात हा खेळ वाढला तोही मंडळांतून आणि घरांतून. १९५५ साली पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्याबरोबर विभागून मिळवले. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी वासंती यांनी १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि रोहिणी १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले, आनंद आणि दिव्येंदू बारुआ यांच्यानंतरचे तिसरे भारतीय. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुख हिने बटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. या नावांच्या मागे, ज्यांची नावे कोठेच छापली गेली नाहीत अशी शेकडो माणसे उभी आहेत. कार्यालय सुटल्यावर मंडळात जाणारी, सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त इंग्रजी पुस्तके हातोहात फिरवणारी, वृत्तपत्रातील स्थिती कापून वहीत चिकटवणारी आणि शेवटची लोकल चुकेल या धाकाने अर्धवट सोडलेला वाद पुढच्या आठवड्यात जेथल्या तेथे उचलणारी. काका त्यांतलेच एक.

तहकुबीची प्रथा १९९० च्या दशकात संपली. कारण उघड होते. पाकीट बंद झाल्यावर आता मित्रांऐवजी संगणकाला विचारता येऊ लागले.

६

संगणकाने या प्रांतात जे केले, त्याला तोड नाही. केन थॉम्पसन यांनी १९८० च्या दशकात पाच मोहऱ्यांपर्यंतच्या स्थिती उलट्या दिशेने, मातेपासून मागे मागे येत, तपासायला घेतल्या. दोन उंटांविरुद्ध एक घोडा ही अखेर क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी १८५१ साली दाखवलेल्या बचावामुळे बरोबरीची मानली जात असे. सव्वाशेहून अधिक वर्षे पुस्तकांनी ते मत पुढे चालवले. यंत्राने दाखवले की दोन उंट सर्वसाधारणपणे जिंकतात, मात्र त्यासाठी ६६ चालींपर्यंत लागू शकतात. २०१२ साली मॉस्कोच्या लोमोनोसोव विद्यापीठाच्या संगणकावर सात मोहऱ्यांच्या सर्व स्थितींची तालिका पुरी झाली. तिच्यात ५४९ चालींनी होणारी मात आहे. एवढ्या चालींची संगती कोणाही माणसाला लावता येत नाही. आता सात किंवा त्याहून कमी मोहऱ्यांची कोणतीही स्थिती भ्रमणध्वनीवर मांडली की क्षणात निकाल येतो.

हा निकाल आला तेव्हा आमचे मंडळ जवळजवळ मोडले. एका रविवारी तरुण सभासदाने मांडणी होताच भ्रमणध्वनी काढला आणि “बरोबरी” असे सांगून टाकले. त्यानंतर कोणी काही बोलेना. पंधरा मिनिटांत चहा पिऊन सगळे उठले. पुढच्या दोन रविवारी तिघेच आले. काकांनी त्याबद्दल कोणाला दोष दिला नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी १९२१ सालची रिचर्ड रेटी यांची स्थिती मांडली. पांढऱ्याचा राजा एका कोपऱ्यात. काळ्याचे प्यादे वजीर व्हायला निघालेले, आणि पांढरा राजा त्याच्यापासून दोन चाली मागे. पांढऱ्याचेही एक प्यादे आहे, पण ते काळ्या राजाच्या तावडीत. दोन्ही कामे अशक्य. काका त्या मुलाला म्हणाले, “निकाल तुला ठाऊक आहे, बाळ. बरोबरी. आता मला एवढंच सांग, का?”

त्या मुलाने भ्रमणध्वनीवरील चाली वाचल्या. राजा तिरका निघतो, तिरकाच जात राहतो. “हे झालं काय,” काका म्हणाले, “का, ते सांग.” मग वाद सुरू झाला आणि तासाभराने त्या मुलानेच उत्तर काढले. पटावर राजाला तिरका रस्ता सरळ रस्त्याहून लांब पडत नाही. म्हणून तो एकाच वाटेने दोन ठिकाणी जाऊ शकतो. शत्रूच्या प्याद्याचा पाठलाग आणि आपल्या प्याद्याचे रक्षण एकाच पावलात होते आणि त्यांतील कोणते काम पुरे करायचे हे शत्रूला ठरवावे लागते. तालिकेत हे वाक्य कोठेही नाही. तिच्यात निकाल आहे, चालींची संख्या आहे. ‘म्हणून’ हा शब्द मात्र नाही. तो माणसाला माणसासमोर उच्चारावा लागतो.

आम्हां अध्यापकांना हा प्रसंग जिव्हारी लागला, कारण आमच्या वर्गात तोच रोज घडतो. पूर्वी विद्यार्थी बाजारातील मार्गदर्शकांतून कवितेचे रसग्रहण पाठ करून येत. आता प्रश्न टाइप केला की यंत्र ते लिहून देते. उत्तर बहुधा चुकीचे नसते. त्यामुळे आमची तक्रारही लंगडी पडते. चूक नसलेल्या उत्तराविरुद्ध काय बोलायचे? काकांनी यंत्राला विरोध केला नाही आणि निकालही नाकारला नाही. त्यांनी निकाल आधी जाहीर करून टाकला आणि प्रश्न पुढे ढकलला. तेव्हापासून आमच्या एका वर्गात आम्ही कवितेचा तयार अर्थ आधी फळ्यावर लिहितो आणि तो कोणत्या शब्दामुळे निघतो हे विचारतो. हा प्रयोग यशस्वी झाला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वर्गात शांतता कमी झाली आहे, एवढे खरे.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांची वही मंडळाला दिली. तीत साठ-एक स्थिती आहेत, काही कापून चिकटवलेल्या, बहुतेक हाताने काढलेल्या, प्रत्येकीखाली बारीक अक्षरात उकल आणि कोणी कोणती चाल सुचवली त्याची नोंद. एका स्थितीखाली मात्र उकल नाही. ‘पांढरा जिंकतो?’ एवढेच लिहिले आहे आणि त्याखाली वेगवेगळ्या शाईंत चार वेळा तारीख घातली आहे. चार वेळा ते या स्थितीकडे परतले होते. पटावर सहा मोहरी आहेत, म्हणजे तालिकेच्या आवाक्यातली. आम्ही दोघांनी ती एका संध्याकाळी भ्रमणध्वनीवर मांडली आणि निकाल पाहिला.

तो निकाल वहीत लिहावा की नाही यावर आमच्यात मतभेद झाला. एकाचे म्हणणे, संपादकाने ज्ञात पाठ दडवू नये. दुसऱ्याचे म्हणणे, काकांनी प्रश्नचिन्ह चार वेळा राखले, ते आपण एका क्षणात खोडणे हा हस्तक्षेप होय. शेवटी आम्ही ते मंडळावर सोपवले. त्या रविवारी स्थिती पटावर मांडली, काकांप्रमाणेच निकाल आधी सांगून टाकला आणि ‘का?’ एवढेच विचारले. सात जण होते. नऊ वाजता वाचनालयाच्या शिपायाने दिवे मालवायला घेतले, तेव्हा दोन मते पडली होती आणि दोन्हींत उणीव होती. वहीत आम्ही पाचवी तारीख घातली, आणि तिच्याखाली उपस्थितांची नावे.